‘हेरिटेज प्रॉपर्टी आहे ना सर’ म्हणणाऱ्या हॉटेलवाल्यांना खुलं पत्र

डोंगराच्या उतारावर, गावापासून लांब, शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी हॉटेलं चालवणाऱ्या सगळ्या मालकांना, मॅनेजर मंडळींना, आणि खरं काम जे करतात त्या मेंटेनन्सवाल्यांना,

नमस्कार.

मी आर्किटेक्ट नाही, हॉटेल लाईनमधलाही नाही, साधं गिऱ्हाईक आहे. पण सुट्टी मिळाली रे मिळाली की तुमच्यासारख्यांच्याच दारात बॅग घेऊन उभं राहणारं गिऱ्हाईक, त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून लिहितोय. तक्रार लिहायला बसलो होतो खरं तर, एकाच हॉटेलची, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की माझं भांडण त्या हॉटेलशी नाहीच, एका वाक्याशी आहे, आणि ते वाक्य तुमच्यातले निम्मे लोक रोज म्हणतात. "हेरिटेज प्रॉपर्टी आहे ना सर."

गरम पाणी यायला वीस मिनिटं लागली, हेरिटेज. खिडकीची कडी लागत नाही म्हणून रात्रभर खिडकी आपटत राहिली, हेरिटेज. भिंतीला ओल आलीय, प्लगमधून ठिणगी उडाली, बाथरूमचा दरवाजा आतून अडकला आणि माणूस अर्धा तास आत, हेरिटेज हेरिटेज हेरिटेज. आणि हे इतक्या हसतमुखाने म्हणता की पुढे भांडायचीही सोय राहत नाही, उलट आपणच अडाणी ठरतो, की बघा याला इतिहासाची कदरच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वय वेगळं आणि हयगय वेगळी. जिना करकरतो हे त्याचं वय झालं, पण जिन्याचा कठडा धरला आणि तो हातातच आला तर ते वय नाही हो, त्याचा स्क्रू गेल्या तीन वर्षांत कोणी आवळला नाही एवढंच. करकर ऐकायला आम्ही मुद्दाम पैसे देऊन येतो. कठड्याचं बिल मात्र करकरीच्या नावावर फाडू नका.

आधी प्रेमाचं बोलून घेतो, नाहीतर म्हणाल हा नुसताच कुरकुऱ्या दिसतोय. मला तुमची ही घरं मनापासून आवडतात. वळणावळणाच्या रस्त्यावरून येताना आधी झाडांच्या वर नुसतं छप्पर दिसतं, मग ते गायब होतं, मग भलत्याच बाजूने परत दिसतं, आणि पोचावं तर कळतं की आपण ज्या दारातून आत शिरलोय तो तिसरा मजला आहे, कारण इमारत उतारासोबत खाली खाली गेलीये आणि जेवायचा हॉल दोन मजले खाली आहे. तुमच्याकडे तळमजला कशाला म्हणतात हे मला आजवर एकाही हॉटेलात पहिल्या दिवशी समजलेलं नाही. कॉरिडॉरच्या मधोमध विनाकारण दोन पायऱ्या येतात, तिथे अंधारात हमखास ठेच लागते, आणि नंतर कोणीतरी सांगतं की ती बाजू नंतर कधीतरी बांधली, तेव्हा जमिनीच्या लेव्हल जुळल्या नाहीत म्हणून त्या पायऱ्या. अशी ठेच मला मंजूर आहे, त्या ठेचेत गोष्ट आहे.

आणि ती जागा. स्वच्छ, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घसरते आणि दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे मधल्या उतारावरचं घर अनेकदा दरीतल्या गावापेक्षा उबदार राहतं आणि सकाळी धुकं खाली आणि आपण वर असं दृश्य मिळतं. हे काही तुमचं मार्केटिंग नाही, साधं हवेचं शास्त्र आहे, पण सकाळी त्या लांबलचक व्हरांड्यात कप हातात धरून उभं राहिलं की शास्त्र वगैरे आठवत नाही. ते व्हरांडे तरी इतके मोठे का, तर एके काळी डोंगरावरची हवा हेच औषध होतं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वरचं शात्झाल्प १९०० साली क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम म्हणून उघडलं, पुढे औषधं आली, रोगी कमी झाले, आणि त्याचं हॉटेल झालं. जिथे माणसं बरं व्हायच्या आशेने महिनोन् महिने पडून राहायची तिथे आज आपण दोन रात्री राहून फोटो काढतो, असो.

आता ती रात्र सांगतो. हॉटेलचं नाव घेणार नाही, कारण त्यांना बदनाम करायचं नाहीये आणि खरं सांगायचं तर हेच मला आणखी दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात दिसलंय. पावसाळी आठवडा होता. मला खोली मिळाली डोंगराच्या बाजूची. दरीकडच्या खोल्या आधीच गेलेल्या, ठीक आहे. दार उघडल्या उघडल्या रूम फ्रेशनरचा भपकारा आला, आणि ज्यांनी जुन्या घरांत दिवस काढलेत त्यांना माहितीये की इतका फ्रेशनर मारलाय म्हणजे खाली काहीतरी झाकलंय. पाच मिनिटांत ते झाकलेलं वर आलंच, ओलीचा वास. मागच्या भिंतीवर चकचकीत प्लास्टिक पेंट, आणि त्या पेंटला तळहाताएवढे फुगे. मी एक फुगा बोटाने दाबला (दाबू नये, मला कळतं, पण दाबल्याशिवाय राहवत नाही) आणि आतून पाणी आलं. अक्षरशः पाणी, धार लागून पलंगामागे गेली.

रिसेप्शनला फोन केला. काय उत्तर आलं ते आता लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्सचे एक काका आले. वय झालेले, हातात पाना, कोणाशी फार बोलणारे नाहीत, पण मी चार प्रश्न विचारल्यावर खुलले आणि म्हणाले, या मागे, दाखवतो. मागे नेलं. खोलीच्या भिंतीपासून तीन-चार फुटांवर डोंगर धरून ठेवणारी दगडी रिटेनिंग वॉल होती, आणि तिच्यात खालच्या बाजूला ओळीने पाणी जायला ठेवलेली भोकं. म्हणजे होती म्हणायचं. सगळी सिमेंटने बुजवलेली. का, तर त्यातून ओघळ येतात, दगडावर काळे-हिरवे डाग पडतात, फोटोत वाईट दिसतं. मधला चर पानांनी आणि प्लास्टिकच्या बाटल्यांनी भरलेला. काका म्हणाले, मी सांगितलं होतं, पण आपलं कोण ऐकतं.

हे मी एवढं सविस्तर का लिहितोय, तर तुमच्यातल्या ज्यांना हे माहीत नाही त्यांनी एकदा मागे जाऊन बघावं म्हणून. डोंगराच्या पोटात पाणी असतंच, पावसात वाढतं. भिंतीतली ती भोकं ज्यांनी ठेवली ते मूर्ख नव्हते, पाण्याला वाट दिली नाही तर ते भिंतीमागे साठतं आणि त्याचा दाब भिंतीवर येतो, भिंत फुगते, कधीतरी पडते, आणि नाही पडली तरी पाणी दुसरी वाट शोधतं, ती वाट म्हणजे माझा पलंग. वर घराची जुनी भिंत चुन्यात बांधलेली. चुन्याचा गिलावा ओल थोडी आत घेतो आणि हवा लागली की बाहेर सोडतो, म्हणून या भिंती इतकी वर्षं टिकल्या. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला आणि वर प्लास्टिक पेंटचं रेनकोट घातलं की ओल आत कोंडते. मग दगड-विटांचे पापुद्रे सुटतात, लाकडी तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ते कुजतं, आणि हे सगळं कोणाला दिसत नाही कारण वर रंग चकचकीत आहे. दर सीझनला पुन्हा रंग मारता तेव्हा तुम्ही दुरुस्ती करत नसता, पुरावा झाकत असता.

त्याच हॉटेलात दुसऱ्या रात्री लाईट गेली. जुन्या घरात लाईट जाणं मला तसं आवडतं. पण जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, म्हटलं बघू मागचा जिना कुठे निघतो, टॉर्च घेऊन कॉरिडॉरच्या टोकाला गेलो. दारावर हिरवी पाटी होती, धावणारा माणूस वगैरे, आणि दाराला साखळी. साखळीला कुलूप. आणि दाराच्या काचेतून पलीकडे जिन्यावर दिसत होती रचून ठेवलेली गाद्यांची चळत आणि धुवायच्या चादरींची गाठोडी.

सकाळी विचारलं तर मॅनेजर म्हणाले, गेस्ट चुकून मागे जातात, कुत्री आत येतात, आणि दरवाजा बदलायचा म्हटलं तर हेरिटेज प्रॉपर्टी आहे ना सर.

इथे माझं डोकं फिरलं, म्हणून हे पत्र.

अहो, दरवाजा बदला असं कोण म्हणालं तुम्हाला? साखळी काढा म्हणतोय. साखळी काय त्या काळातली आहे? आणि गाद्या?

२१ जानेवारी २०२५ ला तुर्कस्तानात कार्तालकाया या डोंगरावरच्या स्की रिसॉर्टमधल्या एका हॉटेलला पहाटेच्या अंधारात आग लागली, ७८ माणसं गेली, शाळेच्या सुट्ट्या होत्या म्हणून त्यात मुलंही बरीच. ते जुनं हॉटेल नव्हतं, पण उतारावरचं होतं, आणि वाचलेल्यांनी सांगितलं की अलार्म वाजलाच नाही. उतारावरच्या इमारतीला एक बाजू अशी असते जिथे बंब नीट पोचत नाही, शिडी लावता येत नाही, म्हणजे शहरातल्या हॉटेलपेक्षा तुमचे आतले जिने जास्त मोकळे हवेत, कमी नव्हे. आणि अटलांटातलं वाइनकॉफ हॉटेल, ते भर शहरातलं, १९१३ चं, स्वतःची जाहिरात फायरप्रूफ म्हणून करायचं. ७ डिसेंबर १९४६ च्या पहाटे आग लागली, ११९ जण गेले. इमारतीचा सांगाडा खरंच जळला नाही, त्या अर्थाने जाहिरात खोटी नव्हती, पण वर जायला-उतरायला एकच उघडा जिना, बाहेरून लोखंडी जिना नाही, धूर सगळा त्या जिन्यातून वर चढला. इमारत वाचली आणि माणसं गेली. तुमचा लाकडी जिना, ज्याच्यावर प्रत्येक नवीन लग्न झालेलं जोडपं फोटो काढतं, तोही धुरासाठी एक छानपैकी धुराडंच आहे, त्याला पर्याय असलेला दुसरा जिना तुम्ही गाद्यांनी भरलाय.

आणि जुन्या हॉटेलांना आग नवी आहे असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएंझ सरोवराच्या वर, धबधब्याशेजारी गिसबाखचं ग्रँड हॉटेल आहे, आणि जपानमध्ये हाकोनेच्या डोंगरात फुजिया हॉटेल. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्ही १८८३ साली जळली, आणि दोन्ही परत बांधली गेली. आज तुम्ही ज्याला ओरिजिनल म्हणून मिरवता ते बऱ्याचदा जळल्यानंतरचं दुसरं रूप असतं.

फुजियाचंच पुढे सांगतो, कारण हेरिटेज म्हटलं की काही करता येत नाही या म्हणण्याला ते सणसणीत उत्तर आहे. १८७८ चं हॉटेल, मुख्य इमारत १८९१ ची, लाकडी, कोरीवकामाची, आणि वर भूकंपाचा देश. त्यांनी काय केलं, तर २०१८ मध्ये सरळ बंद केलं. दोन वर्षांहून जास्त काळ बंद ठेवून भूकंपाला टिकेल अशी मजबुती केली आणि २०२० च्या जुलैमध्ये परत उघडलं. दोन वर्षांचा धंदा सोडला. बाहेरून बघाल तर तेच हॉटेल. सगळ्यांना एवढं परवडत नाही हे मला कळतं, तुमचा सीझनच चार महिन्यांचा असतो, छपराची कौलं बदलायची म्हटली तरी बँकेत जावं लागतं. पण साखळी काढायला बँक लागत नाही.

नियमांचं म्हणाल तर जुन्या वास्तू जपणारे लोक जगभर जिचा आधार घेतात ती १९६४ ची व्हेनिस सनद, तिच्यातही जपणुकीच्या कलमांची सुरुवातच सततच्या देखभालीपासून होते. म्हणजे आधी पन्हळी साफ करा, चर उपसा, बिजागऱ्यांना तेल घाला, मग बाकीचं. वास्तू वापरात ठेवा असंही ती सांगते, फक्त वापरासाठी तिची मांडणी आणि सजावट मोडू नका म्हणते. आणि जिथे अंदाज करावा लागतो तिथे जीर्णोद्धार थांबवा असंही म्हणते, जे मला फार आवडतं, कारण तुमच्यातल्या काहींनी लॉबीत जे नवं 'अँटिक' फर्निचर आणून ठेवलंय आणि भिंतीवर कुणाचे तरी आजी-आजोबा टांगलेत, ज्यांचा त्या घराशी काडीचा संबंध नाही, त्याबद्दल मला कधीपासून बोलायचं होतं. खरी जुनी खुर्ची गोदामात पाय मोडून पडलीय आणि लॉबीत खोटी जुनी खुर्ची. वा.

यावरून टिंबरलाईन आठवलं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये माउंट हूडच्या उतारावर, साधारण सहा हजार फुटांवर हे लॉज आहे. मंदीच्या काळात बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारने बांधलं, १९३६ ते १९३८, आणि अध्यक्ष रूझवेल्ट २८ सप्टेंबर १९३७ ला स्वतः अर्पण सोहळ्याला आले. पैसा नव्हता, म्हणून जिन्याचे खांब टेलिफोनच्या जुन्या खांबांतून कोरले, वर प्राण्या-पक्ष्यांची डोकी केली, शेकोटीतला लाकडं ठेवायचा कठडा रेल्वेच्या रुळांचा, गालिचे जुन्या ब्लँकेटच्या तुकड्यांचे. भंगारच म्हणा ना. आज ते राष्ट्रीय वारसा आहे, आणि पडदे-गालिचे विरले की तशाच पद्धतीने नवे करणारी, फर्निचर दुरुस्त करणारी लोकांची एक संस्था १९७५ पासून काम करतेय. म्हणजे वस्तू झिजते हे गृहीत धरलंय, झिजली की परत हाताने करायची. तिथे हेरिटेज म्हणजे सबब नाही, कामाची यादी आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, आमच्याकडे सरकार नाही, संस्था नाही. ठीक आहे. मग परत गिसबाख बघा. ते १९७९ ला बंद पडलं, पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरणवाद्याने लोकांकडे हात पसरले, १९८३ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं आणि स्विस लोकांच्या पैशातून ते विकत घेतलं. लोकांनी का दिले पैसे? ज्यांनी दिले त्यांतले कितीतरी तिथे कधी राहिलेही नसतील. पण बोटीतून उतरून १८७९ च्या त्या छोट्या केबल रेल्वेने वर जायचं, समोर धबधबा, वर ते हॉटेल, हे आपलं आहे असं त्यांना वाटलं असणार. आम्हालाही वाटतं हो तसं. पण आम्हाला आपलं वाटावं यासाठी आधी आम्हाला खरं सांगा.

खरं सांगा म्हणजे काय, तर बुकिंगच्या वेळीच सांगा. वेबसाईटवर सगळ्या खोल्यांसाठी एकच फोटो असतो, सूर्यास्त, पडदा उडतोय, कप. त्याऐवजी लिहा ना की रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, ज्याचे गुडघे दुखतात तो आधीच दुसरीकडे जाईल किंवा खालच्या दाराची सोय विचारेल. माझ्या ओळखीच्या एका आजींना वरपर्यंत खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं लागलं, त्या हसत होत्या पण डोळ्यात पाणी होतं, आणि नंतर त्या तीन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. लिहा की डोंगराकडच्या खोल्यांत ऊन येत नाही, पावसात दमट असतात, म्हणून भाडं कमी आहे. मी तीच खोली घेईन बरं का, कमी भाड्यात, आणि एक शब्द बोलणार नाही. लिहा की लाकडी मजल्यावरून वरच्या माणसाची पावलं ऐकू येतात. हे सगळं लपवता आणि मग आम्ही चिडलो की हेरिटेज.

गरम पाण्याचं तेवढं हसण्यावारी नेऊ नका. जुन्या घरात पाईप लांब, उशिरा येणं समजू शकतो. पण सीझन नसताना महिनोन् महिने बंद असलेल्या खोल्यांच्या पाईपात पाणी पडून राहतं, आणि साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. त्याचं नावच मुळी १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका जुन्या नामांकित हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या संमेलनाला आलेली माणसं आजारी पडून दगावली त्यावरून पडलंय. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवायचं, बंद खोल्यांचे नळ दर आठवड्याला सोडायचे. काकांना सांगा, ते करतील. त्यांना बहुतेक माहीतही असेल.

वायफाय, टीव्ही, मिनीबार यांच्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.

आता आमच्या बाजूचंही बोललं पाहिजे, कारण हे सगळं एकतर्फी नाहीये. तुम्ही भोकं बुजवलीत ती आमच्यासाठीच. भिंतीवर शेवाळ दिसलं की आम्हीच फोटो काढून एक स्टार देतो. जुनी खिडकी वरखाली सरकवायला जमली नाही की आम्हीच जोर लावून तिची दोरी तोडतो, मग तुम्ही कंटाळून अ‍ॅल्युमिनियमची बसवता, मग आम्हीच म्हणतो पूर्वीची मजा गेली. मी स्वतः एकदा, बरीच वर्षं झाली, एका जुन्या हॉटेलला रात्रभर आवाज येतात असा वाईट रिव्ह्यू दिला होता. आवाज कसला होता, तर दिवसभर उन्हात तापलेलं लाकूड रात्री थंड होताना कडकड वाजतं त्याचा. आज लाज वाटते. तो रिव्ह्यू काढून टाकायला गेलो तर ते हॉटेलच बंद झालं होतं.

आणि तुमची घरं किती काय काय सोसतात हेही मला माहितीये. अमेरिकेतलं ब्रेटन वूड्सचं माउंट वॉशिंग्टन हॉटेल, १९०२ चं, महायुद्धात बंद पडलेलं, ते १९४४ च्या जुलैसाठी घाईघाईत उघडलं आणि ४४ देशांचे लोक तिथे तीन आठवडे राहिले, नाणेनिधी तिथे ठरला. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालणार हे एका डोंगरातल्या हॉटेलात ठरतंय आणि तिथेच कुणीतरी बंद पडलेले नळ चालू करत फिरतंय, हे चित्र मला फार आवडतं. इतिहासाच्या पुस्तकात सह्या करणाऱ्यांची नावं असतात, नळ दुरुस्त करणाऱ्याचं नसतं. तुमच्याकडे असेल तर लावा ना लॉबीत, त्या उसन्या आजी-आजोबांच्या जागी.

जपानमध्येच निशियामा ऑनसेन केइउंकान आहे, सन ७०५ पासून चालू असलेलं, जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून गिनीजमध्ये नाव आहे. इमारत काही तेराशे वर्षांची नाही, ती वेळोवेळी नवी होत आलीय. मग जुनं काय आहे तिथे? गरम पाण्याचा झरा, आणि पाहुण्याला खोलीत घेण्याची सवय, जी एवढी शतकं मोडली नाही. म्हणून म्हणतो, दाराची कडी नवी बसवली म्हणून तुमचं हॉटेल जुनं राहत नाही ही भीती सोडा. आम्हाला रात्री झोप लागली पाहिजे आणि काही झालं तर बाहेर पडता आलं पाहिजे, यात जुन्या-नव्याचा संबंध नाही.

ज्या हॉटेलबद्दल लिहिलं त्यांना कळलं असेलच. बाकीच्यांनी, वाटलं तर, आज संध्याकाळी स्वतः एक चक्कर मारावी, मागच्या जिन्यापासून सुरुवात करून, आणि सोबत काकांना घ्यावं, मॅनेजरला नाही.

मला परत यायचंय तुमच्याकडे. पाऊस सुरू झाल्यावरच येईन, कारण ती भिंत पावसातच कळेल. खोली तीच द्या, डोंगराकडची. भोकं उघडली असतील तर ओघळ दिसू देत, मी त्याचा फोटो काढणार नाही. फक्त मागच्या दाराची साखळी काढली का तेवढं एका ओळीत कळवा, काढली असेल तर तीन रात्री माझ्या नावावर धरा, आणि काकांना माझा नमस्कार सांगा.

तुमचं जुनं गिऱ्हाईक